वाट्यात न आलेली नळी

मी निवृत्त झालो त्या वर्षी दोन गोष्टी एकदम घडल्या. मी कायमचा गावी राहायला आलो आणि माझ्या उजव्या पायाचा अंगठा सुजला. वसमतच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, यूरिक ॲसिड वाढलंय म्हणाले आणि मटण बंद केलं. ही बातमी मी एस.टी.तून उतरायच्या आधीच गल्लीत पोचली होती. संध्याकाळी पिठाच्या गिरणीवाला घरी आला. त्यानं अंगठ्याची चौकशी केली, दुःख व्यक्त केलं, चहा घेतला आणि म्हणाला, "चांगलं झालं सर. आमाला पाठमोरा माणूस पायजेच होता."

पाठमोरा माणूस ही आमच्या गल्लीतली जागा आहे. तिला पगार नाही, पण मान आहे. धुळवडीच्या दिवशी गल्लीतली मटण खाणारी अकरा घरं मिळून एक बोकड कापतात. जवळा बाजारचा खाटीक भल्या सकाळी येतो, आपलं काम करतो आणि कातडं घेऊन निघून जातो. पुढचं काम गिरणीवाल्याचं. तो अकरा ढीग घालतो, त्याला वाटे म्हणतात. त्याला तराजू लागत नाही. जन्मभर पायलीनं धान्य ओतून त्याच्या हाताला वजन कळतं. मांडीचा तुकडा, बरगडी, काळजाची फोड, चरबी, सगळं सगळ्यांना बराबर. अडचण एकाच वस्तूची. बोकडाला पाय चार, त्यामुळे चांगल्या भरल्या नळ्या, म्हणजे आत मऊ गर असलेली पायाची पोकळ हाडं, चारच. चार नळ्या अकरा ढिगांत बसत नाहीत, आणि नळी फोडून वाटली तर तिच्यात नळी म्हणण्यासारखं काही राहत नाही. म्हणून चार ढिगांत नळी पडते आणि त्या ढिगांतलं मांस थोडं कमी होतं. हिशोब बरोबर, पण समाधान होत नाही. वर्षातून एकदा येणाऱ्या नळीच्या बदल्यात मांसाचे दोन तुकडे जास्त घ्यायला कुणी तयार नसतं.

इथं पाठमोरा माणूस कामाला येतो. तो ढिगांकडे पाठ करून स्टुलावर बसतो, तोंड मारुतीच्या पाराकडे. मागे गिरणीवाला एका ढिगावर बोट ठेवतो आणि विचारतो, "हा कुणाचा?" पाठमोरा एका घराचं नाव घेतो. तो वाटा त्या घराचा झाला. मग पुढचं बोट, पुढचं नाव. अकरा प्रश्न, अकरा उत्तरं. कुणाला बोलायला जागा राहत नाही, कारण ज्यानं नाव घेतलं त्याला ढीग दिसला नाही, आणि ज्याला ढीग दिसला त्यानं नाव घेतलं नाही. पाठमोऱ्याची पात्रता एकच. त्याचा स्वतःचा वाटा नसावा. माझ्या आधी हे काम गावचा पोस्टमन करायचा, तो शाकाहारी होता. त्याची बदली झाली आणि माझा अंगठा सुजला.

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. शिकवणं सुटतं, खोड सुटत नाही. स्टुलावर बसल्या बसल्या मला पहिल्याच वर्षी एका शब्दाची आठवण झाली आणि मी खूश झालो.

अलॉट हा तो शब्द. आमच्या भागात तो आता मराठीच आहे. प्लॉट अलॉट होतो, घरकुल अलॉट होतं, बाजारातला गाळा अलॉट होतो. मिळाला असं कुणी म्हणत नाही. मिळाला म्हटलं की आपला हक्क होता असा वास येतो. अलॉट झाला म्हटलं की कुठल्यातरी ऑफिसात कुठल्यातरी साहेबानं सही केली, त्याचा मूड चांगला होता, आणि आपण पेढे घेऊन गेलो, हे सगळं त्यात येतं. पण शब्दाच्या पोटात साहेब नाही. त्याच्या पोटात लॉट आहे, आणि लॉट म्हणजे जुन्या जर्मन टोळ्यांत लाकडाची एक ढलपी किंवा खडा. वाटणी करायची असली की जो तो आपापली खूण केलेली ढलपी द्यायचा. सगळ्या ढलप्या एका भांड्यात, भांडं नसलं तर कुणाच्या तरी शिरस्त्राणात टाकायच्या आणि हलवायच्या. जी बाहेर पडेल तिचा तो हिस्सा. हा शब्द तिथून फ्रेंचांकडे गेला, त्यांच्याकडून पुन्हा इंग्रजीत आला, आणि येताना ऑफिसचे कपडे घालून आला. लॉटरी ही त्याचीच सख्खी नातेवाईक. म्हणजे ज्या शब्दाच्या जोरावर आज तालुक्याला चकरा माराव्या लागतात, त्याचा मूळ अर्थ असा होता की कुणाच्याही ओळखीचा इथं उपयोग नाही. आमची गल्ली मात्र मूळ अर्थाला धरून चालते, असं मी गिरणीवाल्याला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. त्यानं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाला, "व्हय सर. एकदम बराबर." तेव्हा तो जमिनीकडे का बघत होता हे मला कळायला सात वर्षं लागली.

या सात वर्षांत तक्रार एकाच माणसाची होती. गल्लीच्या टोकाला पैलवान राहतो. वय ऐंशीच्या आसपास. एकेकाळी औंढ्याच्या जत्रेत त्याची कुस्ती शेवटची, मानाची म्हणून लावायचे. आता तोंडात तीन दात, आणि तेही एकमेकांसमोर नाहीत. त्याला चावता येत नाही. मटणातल्या ज्या वस्तूला दात लागत नाहीत ती म्हणजे नळी. ती ताटावर आपटायची, तोंडाला लावायची आणि ओढायची. आणि सात वर्षांत त्याच्या वाट्यात एकदाही नळी आली नव्हती.

या वर्षी होळीच्या आठवडाभर आधी तो काठी टेकत माझ्या ओसरीवर आला. बसला. पाणी प्याला. हळदीचं विचारलं, घरोघरी हळद शिजत होती आणि त्या वासात दुसरं काही सुचत नाही. मग म्हणाला, "सर, सात सालं झाली."

"कशाला?"

"नळीला."

"नशिबाचा भाग आहे, पैलवान."

"नशीब तुमच्या तोंडात हाय. मागून बोट येतं, पुढून तुमी बोलता. मपलं नाव नळीवर काहून येत न्हाई?"

"मला काय दिसतं? माझी पाठ असते."

"तेच म्हनून राहिलो. एवढी सालं पाठ करून बसले, एखाद्या साली चुकून तरी बराबर पडावं का न्हाई?"

मी त्याला शक्याशक्यता समजावून सांगायचा प्रयत्न केला. माझ्या शाळेतल्या गणिताच्या सरांना मी मागेच फोन करून विचारलं होतं. अकरात चार नळ्या, आणि सात वर्षं सलग हुकणं, असं शंभरात चार वेळा होऊ शकतं, असं ते म्हणाले होते. चार म्हणजे शून्य नाही, मी पैलवानाला म्हणालो. पैलवान म्हणाला, "मग ते बाकीचे शहाण्णव कुठं गेले?" हे मी गणिताच्या सरांना विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं, पण मी इंग्रजीचा माणूस.

"असं करू," मी म्हणालो, "गिरणीवाल्याला सांगतो. एक नळी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवू. गल्लीत कुणी नाही म्हणणार नाही."

त्यानं काठी फरशीवर आपटली. "सर, मी हयातीत नूरा कुस्ती खेळलो न्हाई. आधीच ठरवून पाडायचं अन् पडायचं, थू. आता ऐंशीच्या उमरीत नळीसाठी खेळू? वाट्यात आली पायजे. न्हाई आली तर न्हाई." मग जरा खाली आवाजात म्हणाला, "गल्ली म्हनून राहिली, पैलवानाचं नशीब उतरलं. पुढच्या सालचं मला सांगू नका. ह्या साली आली पायजे."

तो गेल्यावर बायको आतून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "अहो, देऊन टाका की म्हाताऱ्याला एक नळी. तुमच्या त्या शब्दाचा अर्थ मागून बघा."

"मी देणारा कोण? मला दिसत नाही."

"मग बघा," ती म्हणाली आणि आत गेली.

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मी तत्त्वाचा माणूस आहे असं मला वाटायचं. तत्त्व आणि पैलवानाचे तीन दात यांच्यात मी दोन दिवस अडकलो. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना लक्षात आलं की बंद मोबाइलची काच काळी असते आणि तिच्यात मागचं सगळं दिसतं. मी गिरणीवाल्याला सांगून टाकलं की आता विसरायला होतं, या वर्षी नावांची यादी मोबाइलवर करून आणतो. तो म्हणाला, "आणा की." जरा थांबून म्हणाला, "पण यादीची काय गरज हाय सर? तुमाला पाठ हाय." मी ते कौतुक समजलो.

या वर्षी आणखी एक भर पडली. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचं वारं होतं, आणि आमच्या गटातून सदस्य होऊ घातलेल्या एका गृहस्थांना आमच्या अकरा वाट्यांची बातमी लागली. धुळवडीच्या आदल्या दिवशी टेम्पोतून एक मांडव, दोन कर्णे आणि खाटेएवढा फ्लेक्स आला. त्यावर 'भव्य मटण वाटप सोहळा' असं लिहिलं होतं. मधोमध ते स्वतः हात जोडून, दात दाखवून. वरच्या कडेला त्यांच्या नेत्यांचे, नेत्यांच्या नेत्यांचे गोल फोटो. खालच्या कोपऱ्यात बोकडाचं चित्र होतं. तो बोकड नव्हता, कुठल्यातरी थंड देशातला लोकरीचा मेंढा होता, आणि आपण इथं का आहोत हे त्यालाही कळत नसावं. सोहळ्यात बोकड गल्लीचा होता. गृहस्थांचा फक्त फ्लेक्स.

धुळवडीला सकाळी ते पांढऱ्याशुभ्र कपड्यात आले. धुळवडीच्या दिवशी पांढरे कपडे घालून फिरायला हिंमत लागते, किंवा सोबत आठ माणसं लागतात. गिरणीवाल्यानं त्यांना आधीच सांगून टाकलं, "साहेब, भाषण करा, फोटो काढा. वाटे मात्र आमच्याच पद्धतीनं पडतील." साहेब हो म्हणाले. त्यांना वाट्यात रस नव्हता. त्यांनी पाच मिनिटांत शेती, पाणी, रस्ता आणि मटण या विषयांवर विचार मांडले. मग कुणीतरी माइक माझ्या हातात दिला. "सरांनी वाटपावर दोन शब्द बोलावे."

मी अलॉट या शब्दावर बोललो. ढलप्या, शिरस्त्राण, हलवणं, सगळं सांगितलं. "या वाटणीचं मर्म एकच," मी म्हणालो, "कुणाच्या वाट्याला काय येणार हे कुणालाच माहीत नसतं. माहीत झालं की ती वाटणी संपली आणि वशिला सुरू झाला." हे मी साहेबांकडे बघून म्हणालो. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पैलवान पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. त्यानं मान डोलावली. बाकीची दहा घरं आपापल्या चपलांकडे बघत होती. मला वाटलं, विषय जड झाला असावा.

साहेबांना आखाडा बाळापूरला दुसरा सोहळा होता. मटण दिसायच्या आत ते निघाले. पांढऱ्या कपड्यांना ते शोभलं नसतं. त्यांच्या गाड्यांची धूळ खाली बसली आणि कामाला सुरुवात झाली.

वाटे मांडायला काहीतरी पसरावं लागतं. पळसाची पानं असती तर प्रश्न नव्हता, पण होळीला आमच्याकडचा पळस फुलांनी लाल आणि पानांनी उघडा असतो. एरवी ताडपत्री असते. या वर्षी गल्लीतल्या सगळ्या ताडपत्र्यांवर शिजलेली हळद वाळत होती. गिरणीवाल्यानं इकडं तिकडं बघितलं, मांडवाची दोरी सोडली आणि फ्लेक्स खाली घेतला. पाठची बाजू धुळीनं भरलेली होती म्हणून छापलेली बाजू वर केली. "गुळगुळीत हाय," तो म्हणाला, "धुवायला सोपी." अशा रीतीनं अकरा वाटे साहेबांच्या अंगावर पडले. दोन कपाळावर, एक मिशीवर, तीन खांद्यापासून खिशापर्यंत, बाकीचे नेत्यांवर. चार नळ्यांपैकी एक बरोबर जोडलेल्या हातांवर आली. साहेब ती हसत हसत कुणालातरी देऊन राहिले होते असं वाटत होतं.

मी स्टुलावर बसलो. तोंड पाराकडे. मोबाइल मांडीवर, बंद. काचेत मागचं सगळं छोटं आणि उलटं दिसत होतं. फ्लेक्स, ढीग, गिरणीवाल्याचा सदरा, त्याचा चेहरा. हाडाची पांढरी टोकं वर आलेली होती, त्यामुळे नळ्या कुठल्या ते कळत होतं. चाळीसेक वर्षं मी परीक्षेत कॉपी करणारे पकडले होते. कॉपी करणं किती अवघड असतं याची मला कल्पना नव्हती.

"हा कुणाचा?"

बोट कपाळावरच्या ढिगावर होतं. नुसत्या बरगड्या आणि हाडं. नळी नाही. "गिरणी," मी म्हणालो.

"हा कुणाचा?"

"दूधवाले."

मिशीवरचा ढीग. तिथं नळी होती, पण एवढ्या लवकर पैलवानाचं नाव घेतलं तर संशय येईल म्हणून मी थांबलो. "मिस्त्री."

चौथ्याला माझं लक्ष ढिगावरून उडालं आणि गिरणीवाल्याच्या तोंडावर गेलं. तो बोट ठेवायचा, "हा कुणाचा" विचारायचा आणि मग, मी बोलायच्या आधी, त्याचे ओठ हलायचे. आवाज नाही. नुसते ओठ. चौथ्या ढिगावर त्याचे ओठ म्हणाले, "पानटपरी." आणि त्यानंतर मी म्हणालो, "पानटपरी."

मी मांडीवरचा मोबाइल जरा आणखी तिरपा केला.

पाचवं बोट जोडलेल्या हातांवर आलं. नळी. गिरणीवाल्याचे ओठ हलले, "टेलर." आणि माझ्या जिभेच्या टोकावर टेलरच आला होता. मी तो गिळला. मागे कुणीतरी खाकरलं.

"पैलवान," मी म्हणालो.

काचेत गिरणीवाल्याचं तोंड उघडं राहिलं. त्याचं बोट ढिगावर तसंच होतं, जणू ते चिकटलं होतं. "कोण?" त्यानं विचारलं. सात वर्षांत त्यानं हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता.

"पैलवान."

मागून फाड असा आवाज आला. मी दचकून वळलो. आता वळायला हरकत नव्हती असं मला वाटलं, पण अजून सहा वाटे बाकी होते म्हणून सगळे ओरडले आणि मी पुन्हा पाराकडे तोंड केलं. तो आवाज शड्डूचा होता. पैलवानानं खुर्चीत बसल्या बसल्या मांडीवर शड्डू ठोकला होता.

उरलेली नावं मी कशी घेतली मला आठवत नाही. शेवटचा वाटा टेलरला गेला. टेलर महिन्यापूर्वी मोटारसायकलवरून पडला होता, पाय प्लास्टरात होता. त्याच्या बायकोनं पातेल्यात वाटा घेतला, आत बघितलं आणि गिरणीवाल्याकडे असं बघितलं की मला समोरच्या पारावरच्या मारुतीचं तोंडही तसंच वाटायला लागलं.

दुपारी गिरणीवाला ओसरीवर आला. चहा नको म्हणाला. हे गंभीर होतं.

"सर, काय केलं तुमी हे?"

"तू काय करत होतास ते आधी सांग. तुझे ओठ माझ्या आधी हलत होते."

"तुमाला कसं दिसलं?"

मी मोबाइल काढून दाखवला. मग त्यानं सांगायला सुरुवात केली.

मी दरवर्षी त्याच क्रमानं नावं घेत होतो. गल्लीच्या तोंडाशी गिरणी, मग दूधवाले, मिस्त्री, पानटपरी, टेलर, असं घरामागून घर, थेट टोकाच्या पैलवानापर्यंत. मला वाटायचं, मनात येईल ते नाव घेतो. "तुमी हजेरी घेऊन राहिले सर," तो म्हणाला. "पहिल्या साली चार नावांतच ध्यानात आलं, पुढचं घर कोणतं ते. दुसऱ्या साली पक्कं झालं. एकदा तुमी उलटं केलं, पैलवानापासून सुरुवात. मग मी बी बोट उलटं नेलं."

"आणि पोस्टमन?"

"तो लई बेकार. त्याला पत्ता असल्याशिवाय घरं लागत नव्हती. कुठूनबी कुठंबी जायचा. काय करता येत नव्हतं त्याच्यापुढं."

मग या क्रमाचं त्यानं काय केलं, तेही सांगितलं. ज्या घरी बाळंतीण, तिथं नळी. ज्याच्या घरी लेक माहेरी आलेली, तिथं मांडीचा वाटा. मिस्त्रीच्या आईला रक्त कमी, तिथं काळीज जास्त. या वर्षी टेलरचा पाय मोडला म्हणून टेलरला नळी. स्वतःला सात वर्षांत एकदाही नाही, पहिला हाडांचा ढीग त्याचाच, असं तो म्हणाला. ते खरं होतं का हे तपासायचं माझ्याकडे साधन नव्हतं. सात वर्षं माझी पाठ होती. पण या वर्षीच्या बरगड्या मी बघितल्या होत्या.

"आणि पैलवान? त्यांनी तुझं काय वाकडं केलं?"

"पोस्टमनच्या शेवटच्या साली पैलवानाला नळी आली होती. तुमी तव्हा नोकरीवर. ओढता ओढता हाडाची कपची घशात गेली. नांदेडला न्यावं लागलं. सून रडून राहिली, म्हणाली, दादा, आमच्या घरी नळी येऊ देऊ नका. त्यांना न्हाई म्हणलं तर ऐकणार न्हाईत. तव्हापासून शेवटचा ढीग मी मऊ घालतो. बिनहाडाचं, काळीज जास्त. दात न्हाईत ना त्यांना. सात सालं गल्लीत सगळ्यात चांगला वाटा पैलवान खाऊन राहिला, अन् सात सालं नळी न्हाई म्हणून बोंबलून राहिला."

"हे गल्लीत कुणाकुणाला माहीत आहे?"

त्यानं विचार केला. "तुमी अन् पैलवान सोडून?"

आतून बायको म्हणाली, "देवांना फुलंसुद्धा रोज त्याच ओळीनं वाहतात ते."

सकाळच्या भाषणातलं एकेक वाक्य मला आठवायला लागलं. शिरस्त्राण, ढलप्या, माहीत झालं की वशिला सुरू. आणि दहा घरांच्या त्या चपला. मी उठलो. "चल," मी म्हणालो, "त्या कपचीचं काय होतं ते बघू."

पैलवानाच्या घराजवळ पोचेपर्यंत ठक ठक ऐकू यायला लागलं. नळी स्टीलच्या ताटावर आपटायचा आवाज. गल्लीतल्या दोन-तीन ओसऱ्यांवर बायका काम सोडून ऐकत होत्या. सून दारातच भेटली. गिरणीवाला काही बोलायच्या आत तिनं ओठावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "दादा, काळजी करू नका. शिजल्यावर चमच्याच्या दांड्यानं सगळं काढून घेतलं म्या. रश्यात कालवलं. कडा बी सहाणेवर घासल्या. आत काय न्हाई."

आत पैलवान पाटावर मांडी घालून बसला होता. समोर ताट, भाकरी, वाटीत रस्सा, आणि हातात नळी. त्यानं ती आपटली, तोंडाला लावली, गाल आत गेले, डोळे मिटले. पुन्हा आपटली. आम्हाला बघून खुणेनं बसा म्हणाला. बराच वेळ ओढून त्यानं नळी खाली ठेवली, प्रेमानं.

"कशी आहे?" मी विचारलं.

"सात सालाची हाय सर. वेळ लागणारच." त्यानं मिशी पुसली. "आली ना पण? वाट्यात आली."

"आली."

मग त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. पैलवान लोक समोरच्याच्या खांद्याकडे बघतात, हालचाल तिथं आधी कळते म्हणे. तो माझ्या खांद्याकडे बघत म्हणाला, "खरं सांगा. मागं वळून पाह्यलं तर न्हाई ना?"

गिरणीवाला छताकडे बघायला लागला.

"माझी पाठ होती, पैलवान," मी म्हणालो. यात एकही अक्षर खोटं नव्हतं.

"मग ठीक हाय." तो खुलला. सुनेला हाक मारली, "सरांना कायतरी दे." मग त्यालाच आठवलं. "सर मटण खात न्हाईत. निस्ता रस्सा चालंल ना? माझ्याच्यानं न्हाई जात आता, नळीतच पोट भरलं." आणि त्यानं आपल्यासमोरची वाटी उचलून माझ्या हातात दिली. रस्सा दाट होता. वर तेलाच्या नव्हे, दुसऱ्याच कशाच्या तरी चांदण्या तरंगत होत्या.

दाराआडून सून बघत होती. तिचा चेहरा पडला. ज्याच्यासाठी तिनं चमच्याच्या दांड्यानं एवढी मेहनत केली तो म्हातारा रिकामं हाड चोखून तृप्त झाला होता, आणि माल माझ्या हातात होता. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार, आणि कुठलंही कारण सांगायला गेलं की धागा ओढत ओढत थेट मोबाइलच्या काचेपर्यंत जाणार. पैलवान वाट बघत होता. मी वाटी तोंडाला लावली.

सात वर्षांनी मी असं काही प्यालो होतो. त्याची चव मी इथं सांगणार नाही. डॉक्टर मराठी वाचतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी उजवा अंगठा वांग्यासारखा झाला. वसमतला गेलो. डॉक्टरांनी अंगठा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "सर, मटण खाल्लं?"

"खाल्लं नाही," मी म्हणालो. "अलॉट झालं."

त्यांनी मान हलवली आणि गोळ्या लिहून दिल्या. परत येताना एस.टी. थांब्यावर टेलर भेटला, प्लास्टरचा पाय पुढे करून बसलेला. मी माझा पाय त्याच्या पायाशेजारी ठेवला. त्यानं माझ्या अंगठ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नळी मला आली असती सर, तर आपले दोघांचेबी पाय आज नीट असते."